घर सोडायची तारीख आधी, कर्जाची रक्कम नंतर

तात्पुरत्या निवासगृहात राहणाऱ्या माणसाला धंद्यासाठी छोटं कर्ज द्यायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न असतो, 'किती हवेत?' त्याआधी विचारायला हवं की इथून बाहेर पडायची तारीख कोणती. बेघर निवारा आणि स्वतःचं भाड्याचं घर यांच्या मधला हा टप्पा असतो आणि त्याला मुदत असते. कुठे सहा महिने, कुठे वर्ष. अमेरिकेच्या संघीय नियमांत ही मुदत जास्तीत जास्त २४ महिने आहे. मुदत संपत आली की नव्या घराची अनामत, पहिलं भाडं, सामान हलवणं, भांडीकुंडी असे सगळे खर्च एकाच महिन्यात येऊन पडतात. त्याच महिन्यात कर्जाचा हप्ताही तेवढाच मोठा असेल तर दोन्हींपैकी एक बुडतं. घर बुडालं तर पाठोपाठ धंदाही जातो, कारण पत्ता, सामान ठेवायची जागा आणि गिऱ्हाईक हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं.

म्हणून कर्जाचा अर्ज भरायच्या आधी कागदावर एक आडवी रेघ ओढा, तिच्यावर महिने मांडा आणि उजव्या टोकाला घर सोडायची तारीख लिहा. पुढचं सगळं गणित त्या तारखेपासून मागे मोजत यायचं.

२४ महिन्यांचा मुक्काम धरू. पहिले तीन महिने कर्ज अजिबात नको. हा काळ ओळखपत्र मिळवायचा, स्वतःच्या एकट्याच्या नावावर बँक खातं उघडायचा, जुनी देणी कागदावर आणायचा आणि उसन्या हत्यारांवर धंदा करून बघायचा. चौथ्या महिन्यात अगदी छोटं पहिलं कर्ज, बारा आठवड्यांत फिटेल एवढंच. त्यातून कमाई किती झाली हे दुय्यम आहे. हप्त्याचा वार कोणता सोयीचा, विक्रीचा मंद आठवडा कधी येतो, वही लिहायची सवय लागते का, हे त्यातून कळतं. सातव्या महिन्याच्या सुरुवातीला खरं कर्ज. चार आठवडे हप्ता नाही, मग चाळीस आठवडे हप्ते. हे सतराव्या महिन्यात संपतं. उरलेल्या सुमारे सात महिन्यांत हप्त्याची तीच रक्कम, त्याच वारी, बचत खात्यात टाकायची. आठवड्याला २०० चा हप्ता असेल तर ३० आठवड्यांत ६,००० साठतात आणि तीच अनामत होते. हप्ता भरायची सवय अंगवळणी पडलेली असते, त्यामुळे ही बचत नव्याने सुरू केलेल्या बचतीपेक्षा टिकते.

मुक्काम फक्त वर्षाचा असेल तर निवासगृहात असताना पहिलं, छोटं कर्जच द्यावं. मोठं कर्ज नव्या पत्त्यावर स्थिरस्थावर झाल्यावर, निदान दोन महिन्यांचं भाडं वेळेवर गेल्यावर. घर बदलायच्या महिन्यावरून मोठं कर्ज ओढत न्यायचंच असेल तर त्या महिन्यात आणि पुढच्या महिन्यात फक्त व्याज, मुद्दल नाही, हे करारातच लिहून घ्यावं. आयत्या वेळी तोंडी विनंती करून मिळणाऱ्या सवलतीवर कोणी विसंबू नये.

आता रक्कम. ती हप्त्यावरून काढायची असते आणि हप्ता वाईट आठवड्यावरून. आकडे कुठल्याही चलनातले धरा. समजा कपडे दुरुस्तीच्या कामात आठवड्याला २,००० येतात. धागा, चेन, कापड यांना ५०० जातात, जाण्यायेण्याला आणि बसायच्या जागेला ४००, फोन व किरकोळ १००. हाती उरले १,०००. हा चांगला आठवडा. पाऊस, आजारपण, मुलांची सुट्टी असल्या आठवड्यात हेच ६०० वर येतं. हप्ता या ६०० चा तिसरा हिस्सा, म्हणजे २००, त्याहून जास्त नको. चाळीस आठवडे २०० भरता येत असतील आणि व्याज शिल्लक मुद्दलावर वर्षाला १८ टक्के असेल, तर कर्ज बसतं साधारण ७,४५० चं. अर्जदाराला १५,००० हवे असले तरी. उरलेली गरज अनुदानातून, उसन्या यंत्रातून किंवा धंदा आणखी लहान करून भागवावी. विक्रीच्या एकूण आकड्यावर हप्ता बेतला की बिघाड हमखास होतो, आणि अर्जाच्या छापील नमुन्यात अनेकदा तोच आकडा विचारलेला असतो: 'महिन्याची विक्री किती?' हाती काय उरतं याचा रकाना नसेल तर तो हाताने आखून घ्या.

व्याजाचा दर वाचताना तो कशावर लागतो हे बघावंच लागतं. 'फ्लॅट १२ टक्के' स्वस्त वाटतं. १२,००० चं कर्ज, १२ महिने, व्याज १,४४०, महिन्याचा हप्ता १,१२०. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असतं आणि व्याज मात्र पूर्ण १२,००० वर लागत राहतं. शिल्लक मुद्दलाच्या हिशेबाने हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. त्यात प्रक्रिया शुल्क म्हणून २४० आधीच कापले आणि १,२०० सक्तीची ठेव म्हणून शेवटपर्यंत अडकवून ठेवले, तर हातात पडतात १०,५६० आणि खरा दर ३० टक्क्यांच्या थोडा पुढे सरकतो. कर्ज देणाऱ्याला तीन गोष्टी लेखी मागाव्यात: प्रत्यक्ष हातात पडणारी रक्कम, सगळ्या हप्त्यांची बेरीज आणि मुदतीआधी फेडल्यास किती व्याज माफ होतं. फ्लॅट पद्धतीत लवकर फेडूनही बरेचदा पूर्ण व्याज भरावं लागतं.

हप्ता न घेण्याच्या सुरुवातीच्या काळाबद्दल एक चांगला अभ्यास आहे. कोलकात्यात काही कर्जदारांना नेहमीचे दोन आठवडे आणि काहींना दोन महिने हप्त्यापासून सवलत दिली गेली. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन महिने मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढच्या काळात त्यांचा नफाही जास्त राहिला, पण त्यांच्यातली थकबाकीसुद्धा वाढली. कारण उघड आहे. लगेच हप्ता सुरू झाला की माणूस आज घेऊन उद्या विकायचा माल घेतो. सवलत मिळाली की यंत्र घेण्याची, वेळ लागणारं काम धरण्याची हिंमत होते, आणि अशा कामात जोखीम जास्त असते. निवासगृहातल्या माणसाकडे जोखीम पेलायला उशी नसते, म्हणून आमचं माप मधलं आहे: माल फिरवायचा धंदा असेल तर दोन आठवडे, हत्यार किंवा यंत्र घ्यायचं असेल तर चार ते सहा.

गटाची हमी, म्हणजे एकाचा थकलेला हप्ता बाकीच्यांनी भरायचा, इथे चालत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी सुरू केलेल्या प्रयोगातून ग्रामीण बँक उभी राहिली आणि पाच जणींचा गट जगभर पोहोचला. त्यामागे एक गृहीत होतं: शेजारणी एकमेकींना ओळखतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. निवासगृहात कोणी पुढच्या महिन्यात जाणार असतं, कोणी कालच आलेलं असतं. जो आधी बाहेर पडतो त्याच्या थकबाकीचं ओझं मागे राहिलेल्यांवर येतं आणि जेवायच्या खोलीतलं वातावरण बिघडतं. फिलिपाइन्समध्ये एका बँकेने गटांमधली सामूहिक हमी काढून वैयक्तिक जबाबदारी ठेवून पाहिली, तेव्हा परतफेडीत घट दिसली नाही. गट ठेवावा तो आठवड्याच्या बैठकीसाठी, एकमेकांच्या वह्या बघण्यासाठी, गिऱ्हाईक सुचवण्यासाठी. कर्जाची सही प्रत्येकाची स्वतंत्र.

याहून कडक नियम एकच: घर आणि कर्ज यांचा मालक एक नसावा. निवासगृह चालवणारी संस्थाच कर्ज देते तेव्हा थकलेल्या हप्त्याची गोष्ट खोलीच्या गोष्टीत मिसळते. कार्यकर्त्याला हप्ता चुकल्याचं कळलं की माणूस त्याच्यासमोर यायचंच टाळतो, आणि मग आजारपण, औषधं, मुलांची शाळा यासाठी मिळणारी मदतही तुटते. कर्ज वेगळ्या संस्थेकडून, पतसंस्थेकडून किंवा निदान वेगळ्या विश्वस्तांच्या निधीतून यावं. 'कर्ज थकल्याच्या कारणावरून निवास रद्द होणार नाही' हे वाक्य निवासाच्या करारात असावं, कर्जाच्या करारात असून पुरत नाही. वसुलीसाठी निवासगृहाच्या दारात यायचं नाही, फोन करायचा, तोही ठरलेल्या वेळेत.

घरातल्या हिंसेतून बाहेर पडलेल्या बायांच्या बाबतीत फोन आणि पत्ता हा जिवाचा प्रश्न असतो. कर्जाची पत्रं जुन्या पत्त्यावर जाता कामा नयेत. खातं नवऱ्याबरोबरच्या संयुक्त खात्याशी जोडलेलं नको. संदेश येणारा फोन कोणाच्या नावावर आहे हे तपासावं. संस्थेच्या जाहिरातीत फोटो देण्याची अट असेल तर ती खोडून टाकावी. तिच्या नावावर तिच्या नकळत किंवा धाकाने काढलेली कर्जं पतअहवालात, म्हणजे आधीच्या कर्जफेडीच्या नोंदींत, निघतात, तेव्हा तिला नापास करण्याऐवजी आधी त्या नोंदींवर लेखी हरकत घ्यायला मदत करावी. याला आठवडे लागतात. तेही महिन्यांच्या त्या रेघेवर मांडायचे.

धंदा कोणता, याचं उत्तर निवासगृहाच्या नियमावलीत निम्मं सापडतं. रात्री आवाज चालत नाही, ज्वालाग्राही वस्तू ठेवता येत नाहीत, बाहेरची माणसं आत येऊ शकत नाहीत, सामायिक स्वयंपाकघरातून विक्रीसाठी पदार्थ करायला बहुधा परवानगी नसते आणि खाद्यपदार्थाचा परवानाही त्या पत्त्यावर मिळत नाही. म्हणून सुरुवातीला बसणारे धंदे हे गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन करायचे: साफसफाई, सायकल दुरुस्ती, केस कापणं, कपडे दुरुस्ती, छोटी रंगकामं. सगळी हत्यारं चाकाच्या एका पेटीत मावली पाहिजेत. नेताना एका माणसाला उचलता आली पाहिजेत आणि ठेवताना कुलूप लागलं पाहिजे. सामायिक खोलीतून कात्री आणि इस्त्री गायब होणं ही या धंद्यांची नेहमीची अडचण आहे, तेव्हा कुलपाचं कपाट मिळतं का हे कर्जाच्या आधी विचारावं.

कपडे दुरुस्तीचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण त्यात चुका कुठे होतात ते नीट दिसतं. कर्जाचे १०० भाग केले तर वापरलेल्या शिलाई मशीनला ४०, इस्त्री, कात्री, टेप, पेटी यांना १२, धागे, सुया, चेन, इलॅस्टिक, बटणं यांना १०, परवाना व विमा ८, चाकाची गाडी आणि कुलूप ७. उरलेले २३ भाग न वापरता खात्यात ठेवायचे. लोक नेमके हेच २३ भाग मशीनमध्ये घालतात. नवी, जास्त टाक्यांची मशीन येते, आणि तिसऱ्या आठवड्यात चेन आणायला पैसे नसतात म्हणून आलेलं काम परत जातं. नक्षीचे टाके कपडे दुरुस्तीत फारसे लागत नाहीत. लागतो तो सरळ टाका, झिगझॅग आणि मागे शिवण्याची सोय. वापरलेली मशीन घेताना पातळ कापड, जाड कापड आणि चार पदरी डेनिम असे तीन तुकडे सोबत न्यावेत आणि तिथेच शिवून बघावं. डेनिमच्या शिवणीवर सुई अडखळली किंवा टाका सुटला तर आधी सुई बदलून पाहावी: पातळ कापडाला ११ नंबर, मध्यमला १४, डेनिमला १६. सुई बदलूनही टाके सुटत असतील तर सुई आणि खालच्या हुकाचा मेळ बिघडलेला असू शकतो, आणि ती दुरुस्ती घरी होत नाही. मशीन सोडून द्यावी.

दर ठरवताना मिनिटं मोजावीत. पँटची उंची कमी करायला उसवणं, मोजणं, इस्त्री, शिवणं, पुन्हा इस्त्री असा वेळ जातो, आणि नवशिक्याला अनुभवी माणसाच्या दुप्पट लागतो. दर अनुभवी माणसाच्या वेळेवर ठेवावा लागतो, म्हणून पहिल्या दोन महिन्यांची कमाई कागदावरच्या अंदाजापेक्षा कमीच येणार हे अर्जातच धरावं. सामानाचे पैसे गिऱ्हाइकाकडून आगाऊ घ्यावेत, निदान चेन आणि कापडाची किंमत तरी. गिऱ्हाइकाची उधारी म्हणजे कर्जदाराने व्याजाने आणलेले पैसे दुसऱ्याला बिनव्याजी देणं.

पैसे रोख द्यावेत की वस्तू घेऊन द्याव्यात, यावर वाद आहे. घानातल्या शहरी छोट्या व्यावसायिकांना काहींना रोख आणि काहींना वस्तू अनुदान म्हणून देऊन तुलना झाली. बायांच्या धंद्यात वस्तूंचा परिणाम रोख रकमेपेक्षा चांगला दिसला, पण ज्यांचा धंदा मुळात अगदीच किरकोळ होता त्यांना वस्तूंचाही फारसा फायदा झाला नाही. रोख रक्कम घरखर्चात विरघळते, यात कोणाचा बेजबाबदारपणा नसतो; आजारी मूल समोर असताना धाग्याचे पैसे बाजूला ठेवणं कोणालाही जमत नाही. आमच्या मते यंत्राचे पैसे थेट विक्रेत्याला द्यावेत, मालाचे दोन टप्प्यांत, आणि दुसरा टप्पा पहिल्या मालाच्या पावत्या पाहून. व्यसनातून सावरणाऱ्यांना मोठी रक्कम एकदम हातात पडणं नको असतं, ते स्वतःच तसं सांगतात. त्यांनाही हीच पद्धत सोयीची पडते.

हिशेबाचं प्रशिक्षण छोटं ठेवा. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या व्यावसायिकांच्या एका गटाला रीतसर लेखाशास्त्र आणि दुसऱ्याला साधे ठोकताळे शिकवले गेले. ठोकताळेवाल्यांचा हिशेब सुधारला, लेखाशास्त्रवाल्यांमध्ये तसा ठळक फरक आढळला नाही. सगळ्यात कामाचा ठोकताळा हा: धंद्याचे पैसे आणि घरचे पैसे दोन वेगळ्या पाकिटांत. धंद्यातून स्वतःला आठवड्याला ठरलेली मजुरी द्यायची. मध्येच लागले तर घ्यावेत, पण चिठ्ठी लिहून पाकिटात टाकावी. वहीत चार रकाने पुरतात: तारीख, आले, गेले, कशासाठी. पावत्या एका लिफाफ्यात, महिन्याला एक लिफाफा.

हे लिफाफे आणखी एका कारणाने जपायचे. जिथे निवासाचं भाडं उत्पन्नाच्या टक्केवारीत घेतात किंवा सरकारी मदत उत्पन्नावर ठरते, तिथे धंद्यात आलेला सगळा पैसा उत्पन्न म्हणून धरला जाण्याचा धोका असतो. २,००० ची विक्री आणि १,००० चा खर्च असताना २,००० वर भाडं लागलं, तर धंदा वाढेल तसा माणूस खड्ड्यात जातो. कर्ज मंजूर होण्याआधी संबंधित कार्यालयाला लेखी विचारावं: स्वयंरोजगाराचं उत्पन्न कसं मोजता, कोणता खर्च वजा करता, कर्जाची रक्कम खात्यात आली तर ती बचत समजता का? उत्तर लेखीच घ्यावं, कारण खिडकीवरचा माणूस बदलतो.

हप्ता चुकला तर काय, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असावं. चुकल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन, कारण विचारायला. आठवड्याच्या आत वही घेऊन बैठक. कारण तात्पुरतं असेल तर दोन हप्ते शेवटी ढकलायचे. विक्रीच कमी असेल तर हप्ता निम्मा आणि मुदत वाढवायची, पण घर सोडायच्या तारखेकडे बघून. पतअहवाल ठेवणाऱ्या संस्थांकडे नोंद जाण्याआधी हप्त्यांची फेररचना झालेली असावी, नाहीतर ज्या पतनोंदीच्या जोरावर पुढे घर भाड्याने मिळायचं तीच डागाळते. आणि वेळेवर फेडलेले हप्ते नोंदले जातात का, हेही विचारावं. काही छोट्या संस्था फक्त थकबाकी कळवतात, चांगली परतफेड कळवतच नाहीत. अशा कर्जाचा निम्मा उपयोग वाया जातो. कर्ज देणाऱ्या संस्थेने निधीचा एक हिस्सा बुडणार हे धरूनच चालावं आणि त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी. ती नसली की कार्यकर्त्यावर वसुलीचा दबाव येतो आणि अडचणीतल्या कर्जदाराला जुनं फेडायला नवं कर्ज दिलं जातं. २०१० मधलं आंध्र प्रदेशातलं सूक्ष्मकर्जाचं संकट एकावर एक चढलेल्या कर्जांतून आणि वसुलीच्या जुलमातूनच पेटलं होतं.

काही जणांना कर्ज देऊच नये, आणि हे सांगणं त्यांच्या हिताचं असतं. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतले अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. सूक्ष्मकर्जाने काहींचा धंदा वाढला, पण सरासरी उत्पन्नात मोठी झेप दिसली नाही. ज्याच्याकडे आधीपासून कौशल्य आणि थोडी गिऱ्हाइकी आहे त्याला कर्जाचा उपयोग होतो. जो कालच रस्त्यावरून आत आला, ज्याची झोप आणि औषधं अजून बसायची आहेत, त्याच्यासाठी बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने २००२ मध्ये सुरू केलेली पद्धत जास्त योग्य आहे: आधी उत्पन्न देणारी वस्तू अनुदान म्हणून, काही महिने खर्चाला भत्ता, प्रशिक्षण, नियमित भेटी, बचत, आणि कर्ज नंतर. जुनं सावकारी देणं फेडायला धंद्याचं कर्ज मागणाऱ्यालाही ते देऊ नये. त्याला आधी देण्यांची तडजोड करून देणारा माणूस हवा.

घर बदलायच्या आठवड्यात एक कागदी काम उरतं आणि ते विसरलं की नुकसान होतं. धंद्याची नोंदणी, परवाना, विमा, बँक, कर्ज देणारी संस्था आणि कर कार्यालय, सगळीकडे पत्ता बदलायचा. विम्याचा पत्ता आधी बदला, कारण जुन्या पत्त्यावरचा विमा नव्या घरातून चोरीला गेलेल्या मशीनची भरपाई नाकारू शकतो. नव्या घराच्या भाडेकरारावर सही करण्याआधी घरमालकाला त्या जागेत शिवणकाम चालेल का ते विचारा आणि 'हो' असेल तर करारात एक ओळ घालून घ्या. नेहमीच्या गिऱ्हाइकांना नवा पत्ता दोन आठवडे आधी कळवा आणि हातातली कामं निघण्याआधी पोहोचवून द्या. कपडे खोक्यांत बंद झाले की कोणाचे कोणते हे शोधण्यात आठवडा जातो.